तुम्ही नाला सांगितला होता

प्रति,
कै. सत्यफुला जौजे मनिराम, आशा स्वयंसेविका, मुक्काम बेहडटोला, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया.

अर्जदार : खेमलाल वल्द सीताराम, धंदा अर्जनवीस, बसण्याचे ठिकाण तहसील कार्यालयाबाहेरील कडुनिंबाखाली.

गैरअर्जदार : वरील खेमलाल.

दिनांक : आपल्या तेरवीनंतरचा चौथा दिवस, सोमवार.

साक्षीदार : (१) मनिराम, आपले पती. (२) रघू, चहा विक्रेता, याची टपरी अर्जदाराच्या टेबलापासून चार पावलांवर. (३) सुखराम, शेतकरी, राहणार बेहडटोला.

विषय : बेहडटोल्याच्या आरोग्य उपकेंद्राची मागणी ज्या एका वाक्यामुळे फेटाळली गेली, ते वाक्य अर्जदाराने स्वतःच्या मनाने लिहिले असून, त्याचा दोष आपण हयातभर स्वतःकडे घेतल्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयान्वये विदित व्हावे की, अर्जदार हा गेली पंचवीस वर्षे अर्जलेखनाचा व्यवसाय करीत असून, तालुक्यात त्याच्या अक्षरास व भाषेस मान आहे. नववीनंतर शाळा सुटली असली तरी शिकलेले लोकही मसुद्यासाठी त्याच्याकडेच येतात.

ताई, ‘महोदया’ वाचून तुम्ही पदर तोंडाला लावला असता. “मी कोनती महोदया हो भाऊ? मले बाई म्हना नाईतं आशा म्हना,” असे तुम्ही पहिल्याच भेटीत म्हणाला होता. म्हणून इथून पुढे ‘आपण’ सोडतो आणि ‘तुम्ही’ लिहितो. मसुद्याच्या दृष्टीने हे सदोष आहे, याची मला कल्पना आहे.

गेल्या गुरुवारी तुमची तेरवी झाली. मंडपात मी सुखरामच्या शेजारी पंगतीला बसलो होतो. वरण वाढून गेले, आणि सुखराम समोरच्या माणसाला सांगू लागला, “बाई लाखाची होती. कोनाचं लेकरू तापलं का धावत जायची. पन उपकेंद्र गेलं ते तिच्याच भुलकेपनानं. अर्जात नाला सांगाले विसरली. सभेत तिनं सोताच कबूल केलन ना.”

समोरचा म्हणाला, “जाऊ दे ना बावा. आजच्या दिवशी कायले काढतेस?”

“खोटं थोडीच बोलून रायलो,” सुखराम म्हणाला.

तो खोटे बोलत नव्हता. त्याला जे सांगितले गेले तेच तो बोलत होता. खरे काय ते त्या पंगतीत एकाच माणसाला माहीत होते, आणि तो भात कालवत बसला. तोंडात घास आहे, असे कारण मी तेव्हा मनाशी दिले. पण घास गिळायला चार दिवस लागत नाहीत. म्हणून आज सकाळी टेबल मांडल्यावर पहिले गिऱ्हाईक परत पाठवले आणि हा कागद पक्का लिहायला घेतला.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस मला स्वच्छ आठवतो. तेव्हा तुमच्या टोल्याला एस.टी. नव्हती. नाल्यापर्यंत पायी, नाला ओलांडून डांबरी रस्ता, तिथून मिळेल त्या गाडीने तुम्ही आला होता. बरोबर एक म्हातारी होती. तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन शासनाच्या योजनेत बसत होते, पण रेशनकार्ड मुलाच्या घरचे आणि आधार माहेरच्या नावाचे, म्हणून दवाखान्याने प्रतिज्ञापत्र मागितले होते. मी ते एका बैठकीत लिहून दिले. तुम्ही ते हातात घेऊन उभ्यानेच शेवटपर्यंत वाचले, आणि विचारले, “हे ‘सबब’ म्हंजे काय?”

“म्हणून,” मी सांगितले.

“मंग ‘म्हणून’ काऊन नाई लिवत?”

मी म्हणालो, “बाई, ‘म्हणून’ लिहिले तर कारकून कागद बाजूला ठेवतो. ‘सबब’ लिहिले तर वरच्या टेबलावर पाठवतो.”

तुम्ही रघूकडे बघून म्हणाला, “ऐकलं का? या म्हातारीचा डोरा एका शब्दावर अटकून हाये.” रघू इतका हसला की त्याच्या हातातली गाळणी खाली पडली. मला राग आला होता. म्हातारीचे ऑपरेशन झाल्यावर तुम्ही तिला घेऊन परत आलात, माझ्यासमोर उभी केलीत आणि म्हणालात, “पाय, हेच ते सबबवाले भाऊ.” तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “मले वाटलं, मोठा मानूस असन.” तो दिवस मी विसरणार नाही. त्यानंतर तुमचे नाव ऐकले की मी टेबलावरचा कागदांचा गठ्ठा बाजूला सरकवू लागलो, इतकेच येथे नमूद करतो.

तुम्ही काहीही न वाचता सही करत नव्हता आणि दुसऱ्यालाही करू देत नव्हता. या सवयीने तुम्ही माझा पुष्कळ वेळ घेतला आहे. मात्र एकदाच, एका अर्जावर, टोल्याच्या सह्या मजकुराच्या आधी झाल्या. त्याचे कारण धानाची रोवणी.

एस.टी. मागायची होती. पोरींची शाळा आठवीनंतर सुटत होती, बाजार लांब, दवाखाना लांब. पण रोवणी सुरू झाली की टोल्यावर माणूस सापडत नाही. बाया सकाळपासून चिखलात वाकलेल्या. तेव्हा मीच सुचवले की, आमच्या धंद्यात नेहमी करतात तसे करू. कोऱ्या कागदांवर सह्या व अंगठे घ्या, मजकूर मी सावकाश लिहीन आणि सह्यांची पाने मागून जोडीन. तुम्हाला ते पटले नव्हते. “वाचल्याबिगर?” तुम्ही विचारले. मी म्हणालो, “ताई, माझ्यावर विश्वास नाही काय?” तुम्ही बांधाबांधावर जाऊन सह्या आणल्या. कागदांवर चिखलाचे ठसे होते. आणि सोबत लसीकरणाच्या एका जुन्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूवर, तुमच्या गोल अक्षरात, अर्जात काय काय यावे ते लिहून आणले होते. शाळेच्या पोरी. बाजार. दवाखान्याची दूरता. शेवटची ओळ अशी : ‘नाला पावसाळ्यात बंद रायते. पूल पायजे. हे नक्की लिवा.’

तेवढ्यावर तुमचे समाधान झाले नाही. तुम्ही बोट चहात बुडवून माझ्या टेबलावर नाला काढून दाखवला. इकडे टोला, इकडे डांबरी, मधे हा. “पानी उतराले कधी एक दिवस लागते, कधी चार. तवर आमी तिकडंच.” रघू ग्लास उचलायला आला होता. त्याने तो नाला पुसून टाकला.

ताई, मी तो लिहिला नाही.

का लिहिला नाही, ते सांगतो. मला अनुभवाने ठाऊक होते की, रस्ता खराब आहे असे अर्जदार स्वतःच म्हणत असतील तर त्या मार्गावर गाडी सुरू होत नाही. गाडी हवी असेल तर रस्ता चांगला म्हणावा लागतो. म्हणून मी लिहिले : ‘सदर रस्ता बारमाही वाहतुकीस योग्य असून मार्गात कोणताही अडथळा नाही.’ लिहून झाल्यावर मी ते वाक्य दोनदा मोठ्याने वाचले. चांगले उतरले होते. मागे तुमची चिखलाची पाने जोडली आणि अर्ज दाखल केला.

पाहणी हिवाळ्यात झाली. नाला तेव्हा कोरडा असतो. एस.टी. सुरू झाली.

त्या दिवसासारखा दिवस माझ्या व्यवसायात पुन्हा आला नाही. टोल्याच्या तोंडाशी गाडीला हार घातला, मनिरामने नारळ फोडला, आणि तुम्ही मला ओढत नेऊन पहिल्या बाकावर बसवले. “आमच्या भावानं एस.टी. आनली,” असे तुम्ही ड्रायव्हरला सांगितले, कंडक्टरला सांगितले, आणि अर्जुनीला उतरल्यावर रघूलाही सांगितले. मी नको नको म्हणत होतो. तुम्ही थांबला असता तर मला वाईट वाटले असते.

पुढे ती गाडी तुमचीच झाली. तापाच्या रुग्णांच्या रक्ताच्या काचपट्ट्या तुम्ही मिठाईच्या डब्यात कापूस घालून ठेवायच्या आणि कंडक्टरच्या हाती द्यायच्या. तो त्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फाट्यावर उतरवून द्यायचा. गोंदियाकडचा तो कंडक्टर विचारायचा, “मौसी, आज डिब्बे में बरफी है या मच्छर?” तुम्ही म्हणायच्या, “खोलून खाऊन पाय ना.” निकालाची चिठ्ठीही त्याच गाडीने परत यायची. हिवतापाची गोळी वेळेत मिळून कितीतरी लेकरे त्या डब्यामुळे वाचली, हे तुम्ही मला सांगितले आहे, आणि त्यात माझा वाटा आहे असेही तुम्हीच म्हणाला होता. ते मी नाकारणार नाही. त्या वाक्याने गाडी आली, हेही खरेच आहे. पण पाणी वाढले की गाडी नाल्यावरून परत फिरायची आणि तुमचा डबा घरातच राहायचा. तुम्ही आषाढ-श्रावणात त्या डब्याकडे पाहत कसे दिवस काढत असाल, ते मला आता उमगते आहे.

त्यातूनच उपकेंद्राची मागणी निघाली. टोल्याला एक खोली, एक नर्सबाई, औषधांचे कपाट. पाणी चढले तरी टोल्याच्या बाजूला काहीतरी असावे, एवढेच तुमचे म्हणणे होते.

त्या अर्जावरून आपले किती वाद झाले. दुपारी गिऱ्हाईक कमी झाले की तुम्ही रघूच्या बाकावर बसायच्या, हंगाम असेल तर पिशवीतून उकडलेले शिंगाडे काढायच्या, आणि मी तुम्हाला आरोग्य खात्याची रचना समजावून सांगायचो. खाली उपकेंद्र, त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण रुग्णालय, त्यावर जिल्हा. किती माणसांमागे कोणती इमारत, हे ठरलेले. तुम्ही शिंगाडा सोलता सोलता ऐकायच्या आणि म्हणायच्या, “वरून खाली काय येते ते समजलं भाऊ. औषध येते, फारम येते, साहेब येते. खालून वर काय जाते?”

“अहवाल,” मी म्हणायचो.

“आकडा जाते. किती आले, किती तपासले. आमच्या टोल्यावरून दवाखान्यात मानसं कमी पोचतेत, म्हून साहेब म्हनते, तिथं बिमारी कमी. मंग औषध कमी. जो पोचलाच नाई तो बिमारच नोयता का?”

मी म्हणायचो, “ताई, अर्जात नियम लिहावा लागतो. असे तर्क चालत नाहीत.”

“मंग नियमात हे काऊन नाई?”

मी टेबलावरचे पेन आणि टाचण्या नीट लावायला घ्यायचो. अडलो की मी तेच करतो, हे तुमच्या लक्षात आले होते. एकदा तुम्ही म्हणाला, “बोडीच्या पान्याच्या शेवटी ज्याइचं वावर, त्याइच्याच घरी बिमारी जास्त. फिरून पाहा माह्यासंगं.” मी म्हणालो, तळ्याच्या पाण्याचे खाते वेगळे, आरोग्याचे खाते वेगळे. तुम्ही म्हणाला, “पोट तं एकच हाये ना.” दुसऱ्या वेळी बायांच्या रक्ताचा विषय निघाला. “रगत कमी, गोळ्या द्या म्हनतेत. बाई सगळ्याइचं झाल्यावर उरलं तं जेवते. उपाशी पोटी गोळी मळमळते, म्हून फेकून देते. मी फारमात लिवतो, गोळ्या वाटल्या. फेकल्या ते कोन्या रकान्यात लिवू?” मी तुम्हाला सांगितले की, शेरा नावाचा रकाना त्याचसाठी असतो. तुम्ही फॉर्म काढून दाखवला. शेऱ्याचा रकाना बोटभरही नव्हता.

हे वाद आपण मिटवले नाहीत. मी तेव्हा तुम्हाला हट्टी समजत होतो. आता टेबलावर बसलो असता दिवसभर जे लोक येतात, निराधार योजनेचे, अपंग दाखल्याचे, औषधासाठी सवलत मागणारे, त्यांच्या कागदाकडे पाहण्याआधी मी विचारतो, वावर कुठे आहे, पाणी पोचते काय. हे तुमचे आहे. माझ्या शिक्षणात हे नव्हते.

तर उपकेंद्राचा अर्ज. माणसे मोजली तर टोला निकषात बसत नव्हता. एकच वाट होती, टोला दुर्गम आहे, पावसाळ्यात तुटतो, हे सिद्ध करणे. सारा अर्ज नाल्यावर उभा होता. मी तो नाला असा लिहिला की वाचणाऱ्याचे पाय ओले व्हावेत. त्याचे उत्तर जे आले ते घेऊन तुम्ही स्वतः आलात. कागद माझ्यापुढे ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवले. ग्रामस्थांनीच पूर्वी लेखी कळविल्यानुसार सदर रस्ता बारमाही वाहतुकीस योग्य असून मार्गात कोणताही अडथळा नाही, सबब सदर टोला दुर्गम मानता येत नाही.

लिहिणारा आपले वाक्य ओळखतो, ताई. त्यात एक अक्षर बदललेले नव्हते.

“भाऊ, हे आमी कई लिवलं?”

“एस.टी.च्या जुन्या अर्जातले दिसते.”

“पन त्यात तं मी नाला सांगतला होता.”

माझ्यापुढे तेव्हा दोन गिऱ्हाइके बसलेली होती. एक वाटणीच्या दाव्याचा, मोठा शेतकरी, पहिल्यांदाच माझ्याकडे आलेला. तो मान वर करून बघू लागला. मी म्हणालो, “नाही ताई. सांगितला असता तर मी लिहिला नसता काय?”

तुम्ही माझ्याकडे पाहिले.

“नाई सांगतला का मंग?”

“नाही.”

“रोवनीचे दिवस होते,” तुम्ही म्हणाला. “रायलं असन माह्याकून.” आणि कागदाची घडी करून पिशवीत ठेवली.

तुम्ही गेल्यावर रघू माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “भाऊ, बाईनं सांगतला होता. टेबलावर काढला होता. म्याच पुसला.” मी त्याला म्हणालो की, तू किटलीकडे लक्ष दे. तो साक्षीदार क्रमांक दोन आहे. त्याने मला चहा देणे बंद केले नाही, पण त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरते बोलतो.

घरी गेल्यावर मी जुनी फाईल काढली. मी प्रत्येक अर्जाची स्थळप्रत ठेवतो. हा माझा शिरस्ता आहे व त्याचा मला अभिमान आहे. स्थळप्रतीला तुमची चिठ्ठी टाचलेली होती. ‘हे नक्की लिवा.’ ती वाचून मी फाईल बांधली आणि फळीवर परत ठेवली. ती काढून तुमच्याकडे यायला मला एस.टी. होती. मीच आणलेली.

पुढची ग्रामसभा झाली. मला बोलावले होते, पुढचे अपील समजावून सांगण्यासाठी. लोक चिडलेले होते. सह्या कोणी घेतल्या, वाचून कोणी दाखवले नाही, असा आवाज उठला. तुम्ही उभ्या राहिलात आणि म्हणालात, “चूक माही हाये. नाला सांगाले मीच विसरली. भाऊले काई बोलू नोका.” मग मी उभा राहिलो आणि अपिलाची पद्धत समजावली. मुद्देसूद बोललो. लोकांनी ऐकून घेतले. त्यानंतर टोल्यावर कोणाला तालुक्याला न्यायला उशीर झाला की, बाया तुमच्यासमोर काही बोलत नसत, पण पाठीमागे बोलत. हे तुम्ही मला कधी सांगितले नाही. मनिरामने सांगितले.

मी त्यानंतर आणखी तीन अर्ज लिहिले, तुमच्याकडून काहीही न घेता, आणि याला मी प्रायश्चित्त समजत होतो. एकाही अर्जात मी हे लिहिले नाही की, पूर्वीचे विधान चुकीचे होते व ते अर्जनवीसाचे होते. मी लिहिले, ‘रस्त्याची स्थिती कालांतराने खालावलेली आहे.’ त्यावर उत्तर आले की, रस्ता खालावला असल्यास बांधकाम विभागाकडे दाद मागावी. तिकडे गेलो तर ते म्हणाले, पुलाची गरज आरोग्य विभागाने कळवावी. तुमचा टोला दोन टेबलांच्या मधे राहिला. एका सरळ वाक्याने तो उचलता आला असता.

या सर्व काळात तुम्ही येत राहिलात. हेच मला समजत नाही. तुम्हाला नवीन बी.पी.चे यंत्र मिळाले तेव्हा पहिला पट्टा तुम्ही माझ्या दंडाला बांधलात, भर तहसिलीसमोर, लोक बघत असताना. मी म्हणालो, मला काही नाही. तुम्ही आकडा पाहिला, काही न बोलता पुन्हा पट्टा भरलात, पुन्हा पाहिला. “भाऊ, दुसऱ्याच्या भांडनाचे कागद लिवून लिवून तुमचं डोस्कं तापून हाये. उद्या दवाखान्यात या.” मी गेलो नाही. तुम्ही दुसऱ्या आठवड्यात येऊन रघूला सांगितले की, यांना चहाबरोबर काहीही खारे देऊ नको. मग मी गेलो. ती गोळी मी रोज सकाळी घेतो. आजही घेतली.

टोल्यातल्या तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाची साखर तुम्ही तपासली, यादी केली, कोणाला कुठे पाठवले त्याच्या खुणा केल्या. त्या यादीत तुमचे नाव नव्हते. मी एकदा विचारले तर तुम्ही म्हणालात, “मी कर्मचारी थोडीच हाये? स्वयंसेविका. स्वयंसेविकेले साखर नसते.” पाय सुजायला लागल्यावरही तुम्ही म्हणायच्या, चालून सुजतेत. मूत्रपिंडे गेल्याचे गोंदियाला दाखल केल्यावर कळले. तिथला डॉक्टर मनिरामला म्हणाला, “इतने साल से किसी ने इनका शुगर नहीं देखा?” तुमच्या पिशवीत साखर तपासायचे यंत्र होते.

मी गाडीने गोंदियाला आलो होतो. स्त्रियांच्या वॉर्डात भेटीची वेळ दुपारची. मनिराम बाहेर जेवणाचा डबा आणायला गेला होता. तुमची चिठ्ठी माझ्या खिशात होती. मी ती मुद्दाम फाईलमधून काढून आणली होती, आणि गाडीत अर्जुनीपासून गोंदियापर्यंत बोलायची वाक्ये तयार केली होती. तुम्ही डोळे उघडले आणि पहिलाच प्रश्न केला, “अर्ज कुठवर पोचला?”

“प्रक्रियेत आहे,” मी म्हणालो.

तुम्ही जरा हसला. मग माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाला, “माही चूक तुमाले निस्तारा लागून रायली ना भाऊ.”

ताई, मी म्हणालो, “असू द्या.”

तयार केलेली सगळी वाक्ये होती, आणि मी ‘असू द्या’ म्हणालो. जणू काही मोठ्या मनाने माफ करतो आहे. मग घंटा झाली आणि परिचारिकेने सर्वांना बाहेर काढले. चार दिवसांनी तुम्ही गेल्याचा फोन आला.

आता मी काय केले आहे व काय करीत आहे ते सांगतो. काल बेहडटोल्याला जाऊन मनिरामला या कागदाचा कच्चा मसुदा वाचून दाखवला व तुमची चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली. मागच्या बाजूला लसीकरणाची यादी, त्यात तुमच्या मुलाचे नाव होते, ते त्याने बोट ठेवून वाचले. मग म्हणाला, “आता सांगून रायले भाऊ?”

“हो,” मी म्हणालो.

तो म्हणाला, “सत्यफुला म्हनायची, खेमलाल भाऊले काई म्हनू नोका. आपला अर्ज तेच लिवतेत, दुसरा कोन लिवन? त्याइचं मन मोडलं तं टोल्याचं कागद कोनाकडं न्यायचं?”

मी विचारले, असे कधी म्हणाल्या? तो म्हणाला, “लय डाव. सभेतून आल्यावर. त्याच दिवशी.”

सबब, या कागदाची एक प्रत व चिठ्ठीची छायाप्रत मी ग्रामपंचायतीच्या सचिवांकडे रीतसर दाखल करीत असून, येत्या ग्रामसभेत ती माझ्या उपस्थितीत, सुखरामसह सर्वांसमोर वाचली जावी, आणि पूर्वीच्या सभेच्या इतिवृत्तात नोंदलेली आपली चूक खोडून तिथे माझे नाव लिहिले जावे, अशी मागणी करीत आहे. दुसरी प्रत वरिष्ठ कार्यालयास पाठवीत आहे. तीत ‘बारमाही’ हे विधान असत्य होते व ते मी केले, असे साध्या शब्दांत लिहिले आहे. यामुळे उपकेंद्र मिळेल असे मी म्हणत नाही. माझ्या टेबलाचे काय होईल तेही सांगता येत नाही.

आपणांस मात्र एकच विनंती आहे. आपण टोल्यातल्या प्रत्येक लेकराच्या डोसची तारीख तोंडपाठ सांगत होता. तेव्हा कृपया खुलासा व्हावा की, त्या दिवशी माझ्या टेबलापाशी, सभेत, आणि शेवटी वॉर्डात, आपण चूक स्वतःची म्हणालात तेव्हा ती आपणांस खरोखर आपली वाटत होती काय? तसे असल्यास, मी आपणांस आपल्याच आठवणीवर अविश्वास ठेवायला लावले, आणि त्या अविश्वासासह आपण गेलात. की आपणांस सर्व आठवत होते, मी खोटे बोलतो आहे हे दिसत होते, आणि टोल्याला अर्ज लिहिणारा माणूस लागतो एवढ्यासाठी आपण मला सांभाळून घेत होता?

या दोहोंपैकी कोणते, ते मला कळणे न्यायाचे आहे. शासनाला लिहिताना मी नेहमी पंधरा दिवसांची मुदत घालतो. या अर्जात मुदत घातलेली नाही. मी टेबलावर असतो, शनिवार-रविवारीही.

आपला,
खेमलाल, अर्जनवीस